सशाची हजेरी

सूर्यास्ताची, मगरिबची बांग झाली की बयूमी घराचं दार आतून लावून घ्यायचा आणि दारामागच्या स्टुलावर बसायचा. त्याला कोणी कोंडत नव्हतं. कडी त्याच्याच हाताने लागायची. तुरुंगात कुलूप लावायला निदान सरकारचा माणूस पगार घेऊन येतो; घरी तेही काम कैद्यानेच फुकट करायचं.

शिक्षा भोगून झाली होती, पण सरकारचं पोट भरलं नव्हतं. सुटकेनंतर देखरेख लागली. सूर्य बुडाल्यापासून उगवेपर्यंत माणूस घरात पाहिजे. हवालदार कधीही येणार, दार वाजवणार, आणि बयूमीने स्वतः दार उघडून, उंबरठ्याच्या आत उभं राहून तोंड दाखवायचं. नाही दाखवलं तर घरची सवलत बंद. मग रोज संध्याकाळी पोलीस ठाण्याच्या मागच्या कोठडीत जाऊन पडायचं, सकाळपर्यंत, दुसऱ्यांच्या पायांशी डोकं करून. सुरुवातीचे काही आठवडे त्याने ती फरशी भोगली होती. कोठडीत उभं राहायलाही जागा उरेना तेव्हा हवालदार रिफअतने त्याला घरी झोपायची परवानगी मिळवून दिली, आणि तेव्हापासून दर फेरीला तो हा उपकार चहात साखरेसारखा ढवळून प्यायचा.

गुन्हा काय, तर बयूमी मायक्रोबस चालवायचा. इम्बाबा वस्तीच्या थांब्यावर साध्या कपड्यातला एक माणूस त्याला म्हणाला, गाडी बाजूला घे. बयूमी म्हणाला, "का, रस्ता तुझ्या बापाचा आहे?" तो माणूस अधिकारी निघाला. रस्ताही त्याच्या बापाचाच निघाला. कोर्टात या एका वाक्याला हातपाय फुटले, त्याने अधिकाऱ्याची गचांडी धरली, त्याला भिंतीवर आपटलं, असं काय काय झालं. बयूमी ते ऐकत पिंजऱ्यात उभा होता आणि त्याला वाटत होतं, एवढं केलं असतं तर निदान जीव तरी थंड झाला असता.

तो आत गेला तेव्हा त्याची पोरगी मलक रांगत होती. आला तेव्हा ती शाळेत जात होती आणि त्याच्या शुद्धलेखनाच्या चुका काढत होती. बायको विदाद कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला लागली होती. संध्याकाळी उशिरा यायची. बयूमीला कोणी गाडी देईना. मायक्रोबसचा धंदा उन्हं उतरल्यावर. अंधार पडायच्या आत घरी पळणारा ड्रायव्हर कोणाला हवाय? म्हणजे रात्री कायद्याने घरात आणि दिवसा नशिबाने घरात.

अशा घरात ससा आला.

तो आणला मलकने, गच्चीवरून. गच्चीवर वरच्या मजल्यावरच्या उम्म रजबचं राज्य होतं: डिश अँटेनांच्या मधोमध जाळ्यांची खुराडी, त्यांत ससेच ससे. सणावाराला, लग्नाला, बाळंतिणीला तिच्याकडचा ससा जायचा. त्यातलं एक पिल्लू बाकीच्यांनी तुडवून कोपऱ्यात टाकलेलं. म्हातारीने ते कानांना धरून मलकच्या हातात दिलं.

"ने. मरायचंच आहे, तर तुझ्याशी खेळून मरू दे."

पिल्लू जर्दाळूच्या रंगाचं होतं, म्हणून मलकने त्याचं नाव ठेवलं मिशमिश. गल्लीतल्या फळवाल्याच्या आरोळीत जर्दाळूला तेच म्हणतात. विदाद कामावरून आली, तिने फ्रॉकच्या ओच्यात ते बघितलं, आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "बरं झालं. दिवसभर भिंतीशी बोलतोस, आता याच्याशी बोल."

बयूमीने ते फार मनावर घेतलं. आयुष्यात काही तरी करायला मिळालं म्हटल्यावर माणूस कुठल्या थराला जाईल सांगता येत नाही. फळवाल्याकडून त्याने खजुराच्या फोकांची दोन खोकी आणली, तारेने एकाला एक जोडली, वर झाकण केलं, झाकणाला कडी. वाऱ्याची झुळूक लागू नये म्हणून मागून विदादची जुनी शाल. आत चिंध्यांचं अंथरूण. मलक म्हणाली, "त्याला खिडकी नाही ठेवली?" तर बयूमी म्हणाला, "खिडकीतून सर्दी येते."

मग सुरू झाली देखभाल. सकाळी उठल्यावर पहिलं काम, झाकण उघडून लेंड्या बघणं. कालच्यापेक्षा कमी की जास्त, सुक्या की ओल्या. दुपारी कानात बॅटरी मारणं. संध्याकाळी सशाला उचलून मांडीवर उताणं करायचं, पोट दाबून बघायचं, पाय ताणून बघायचे, दात बघायचे. उताणं केलं की ससा गप्प व्हायचा. इतका गप्प, की पाय हवेत तसेच राहायचे, डोळे उघडे, नाकाची थरथरसुद्धा बंद. बयूमी खूश व्हायचा. "बघ, किती विश्वास बसलाय त्याचा माझ्यावर," तो मलकला म्हणायचा. रात्री बांगेनंतर स्टूल खोक्याशेजारी सरकवायचं, आणि दाराकडे एक कान, खोक्याकडे एक.

ससा खाईना. कोपऱ्यात गोळा होऊन बसायचा, बरसीम घासाच्या काड्या तशाच सुकायच्या.

बयूमीने जिन्याच्या कठड्यावरून वर हाक मारली. म्हणजे दिवसा. दिवसा तो कठड्यापर्यंत जाऊ शकत होता.

"खाला, हा खात नाही."

उम्म रजब गुडघ्यांना शिव्या देत खाली उतरली. खोक्यात डोकावली. "पाणी पाजलंस?"

"नाही. तुम्हीच म्हणाला होता, सशाला पाणी नाही द्यायचं."

"नाहीच द्यायचं. पाणी प्यायला की पोट फुगतं आणि मरतो. पाल्यातलं पाणी पुरतं." मग शाल उचलून बघितली. "आणि हे काय, बाळंतिणीची खोली केलीस होय? अरे, माझ्या गच्चीवर चाळीस आहेत. मी त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही. बघते ती एकदाच, मानेला हात घालताना."

"म्हणून तुमचे रोज मरतात."

"मरतात तर मरतात. तू कशाला वाळत चाललायस? जाड झाला की सांग, रश्शात घालायला मुलूखियाचा पाला मी आणते."

ती गेली. बयूमीने झाकण लावलं. थोड्या वेळाने परत उघडून बघितलं.

हवालदार रिफअत आला तेव्हा खोकं दाराजवळच होतं. रिफअत चाळिशीचा, पोट पुढे, टोपी काखेत. त्याला चौथा मजला चढावा लागायचा याचा राग तो चौथ्या मजल्यावरच काढायचा.

"हे काय नवीन, बयूमी?"

"ससा आहे, पाशा. पोरीचा."

"कडी घातलीस?" त्याने बुटाच्या टोकाने खोकं ढोसलं. आत काही तरी भिंतीवर आदळलं. "देखरेखीखाली आहे वाटतं हाही. कलम कोणतं लावलंस? पोलिसाला उलट बोलला का?" आणि तो स्वतःच्या विनोदावर पोटभर हसला. मग चहा प्यायला, सिगारेट मागितली, आणि जाताना म्हणाला, "ठाण्यात परत जागा झालीय, बरं का. अधिकारी विचारत होते, घरी कोणाकोणाला ठेवलंय. म्हटलं, बयूमी गरीब माणूस आहे, उंबरठा ओलांडत नाही. खरं ना?"

"खरं आहे, पाशा."

दार बंद झालं. बयूमीने सशाला बाहेर काढून मांडीवर उताणं केलं, बुटाचं कुठे लागलं का ते बघायला. ससा दगडासारखा पडून होता. पोटावर तळवा ठेवला तर आत काळीज असं धावत होतं की त्याच्या बोटांनाच ठोके लागायला लागले.

विदाद स्वयंपाकघराच्या दारातून सगळं बघत होती. तिचा दिवस मशीनवर गेला होता, बोटांना सुया टोचलेल्या, आणि अशा वेळी ती गोड बोलत नसे.

"त्याला खाली ठेव."

"बघतोय फक्त. शांत आहे बघ कसा."

"शांत नाहीये, मेल्याचं सोंग करतोय. तू कसा उभा राहायचास झडतीला? सांगितलं होतंस ना मला, भेटीला आले होते तेव्हा? भिंतीकडे तोंड, हात वर, आणि कोण कुठे हात घालतंय ते आपल्याला कळतच नाही असं धरायचं. तेव्हा शिपाई काय म्हणत असतील? बयूमी किती शांत आहे."

सांगितलं होतं त्याने, काचेपलीकडून, एकदाच. बायका अशा गोष्टी विसरत नाहीत.

"रोज त्याची हजेरी घेतोस," विदाद म्हणाली. "सकाळी मोजतोस, दुपारी बॅटरी, संध्याकाळी झडती. कडी, शाल, पाणी नाही. अरे, मी तुला काही म्हणत नाही, माझ्याशीही तेच चाललंय तुझं. बसला उशीर का झाला, दार दोनदा का वाजवलंस, मलकला खोकला का आला. मी इतकी वर्षं एकटीने काढली ना? मेले नाही ना? मग आता का मरेन?"

"मला दुसरं काय काम आहे?"

"नाहीये, माहिती आहे मला. पण ते त्याच्यावर नको काढूस. जीव आहे त्याला, तहान लागते." असं म्हणून तिने चहाची बशी भरून पाणी आणलं आणि सशाला फरशीवर सोडून बशी पुढे सरकवली. ससा बराच वेळ हलला नाही. मग नाक थरथरलं. मग त्याने बशीत तोंड घातलं ते बशी कोरडी झाल्यावरच काढलं.

"फुगला का?" विदाद म्हणाली.

बयूमीने खोक्याचं झाकण तारेसकट उपटून गॅलरीत टाकलं.

झाकण उपटणं सोपं आहे. बाहेर सोडलेला ससा हे त्याच्यासाठी नवं संकट होतं. फ्रिजची वायर, दिवाणाखालची फट, शेगडी, तिसऱ्या मजल्यावरची मांजर. ससा दिवाणाखाली गेला की बयूमी पोटावर पालथा होऊन बघायचा, आणि विदाद त्याच्या पाठीवरून ओलांडून स्वयंपाकघरात जायची. "पाशा, तोंड दाखवा," ती सशाला म्हणायची, "नाही तर ठाण्यात जाल." मलक खिदळायची. एका संध्याकाळी ससा जेवणाच्या ताटांशेजारी आला आणि गोळी लागावी तसा धपकन कुशीवर पडला, पाय ताणून. बयूमीच्या हातातली भाकरी गळाली. त्याने झडप घालून त्याला उचललं, हलवलं. ससा भडकला, मागच्या पायाने त्याच्या मनगटावर लांबलचक ओरखडा काढला, आणि दिवाणाखाली जाऊन फरशीवर पाय आपटत बसला, रात्र पडेपर्यंत.

"झोपला होता तो," विदाद म्हणाली. "पहिल्यांदा. तुझ्या घरात पहिल्यांदा तो पाय पसरून झोपला, आणि तू झडती घेतलीस."

त्यानंतर बयूमीने स्वतःला एक शिस्त लावली. बघायचं नाही. म्हणजे सारखं बघायचं नाही. पाणी भरायचं, पाला टाकायचा, वायरींना पाइपचे तुकडे चढवायचे, बाकी त्याचं तो बघेल. अवघड होतं. सिगारेट सोडण्यापेक्षा अवघड. पण ससा खायला लागला. दिवाणाखालून बाहेर यायला लागला, घरभर उड्या मारायला लागला, हवेतच अंग पिळून उलट्या दिशेला उतरायचा, जणू कोणी त्याला खालून गुदगुल्या केल्या. मलक त्याच्यामागे पळायची. बयूमी स्टुलावर बसून असायचा, कान दाराकडे. पण आता एकच कान लागत होता.

आणि मग तो गुरुवार.

बांग होऊन गेली होती, जिन्यात दिवा लागला होता. विदाद अजून आली नव्हती. उम्म रजब दारात उभी, हातात झाकलेलं ताट. तिच्याकडे नुकत्याच जन्मलेल्या नातवाचा सातवा दिवस होता, घुगऱ्या आणि शेंगदाणे वाटत होती. बयूमी उंबरठ्याच्या आत, ती बाहेर. "अरे, एक पाऊल पुढे ये, माझे हात दुखतात," ती म्हणाली. तो म्हणाला, "तुम्हीच या पुढे, खाला, माझे पाय सरकारचे आहेत." ताट घ्यायला त्याने दार आणखी उघडलं, आणि त्याच्या दोन पायांमधून जर्दाळूच्या रंगाचं काही तरी गेलं.

जिना अरुंद होता. वर उम्म रजबचं घर, खाली तीन मजले, आणि कठड्याची एक सळई कधीची गळून पडलेली. त्या फटीतून खाली सरळ तळमजल्यापर्यंतचा पोकळ अंधार दिसायचा. ससा त्या फटीपासून हातभर अंतरावर थांबला आणि कान उभे करून बसला.

"थांब, कान धरते," म्हणत उम्म रजबने ताट खाली ठेवायला सुरुवात केली.

"खाला, नको. हलू नका."

"अरे, चाळीस वर्षं मी—"

"तुम्ही हात घातला तर तो उडी मारेल. बसा. तिथंच बसा वरच्या पायरीवर."

त्याचा आवाज असा होता की म्हातारी बसली. मलक आतून धावत आली होती, तिलाही त्याने हाताने अडवलं. "मला जाऊ द्या ना," ती म्हणाली. "मी पटकन आणते." "पटकन नको," बयूमी म्हणाला. "पटकनचं काही कामच नाही. खालांजवळ जाऊन बस. त्याच्याकडे बघू नकोस. गप्पा मारा."

"कसल्या गप्पा?" उम्म रजब म्हणाली.

"कसल्याही."

मग ती मलकला आपल्या मेलेल्या नवऱ्याच्या घोरण्याबद्दल सांगायला लागली. बयूमी दारातून मागे सरकला, आत, दिवाणापर्यंत, वाट मोकळी करून. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. बाहेर म्हातारीचा आवाज, आणि त्या आवाजाच्या खाली नखांचा बारीक खरखराट. ससा दाराच्या दिशेने येत होता. एक उडी. थांबला. आणखी एक.

मग खालून बूट वाजले.

ते बूट बयूमीने झोपेतही ओळखले असते. टाच आधी, मग धाप, मग शिवी. नखांचा आवाज बंद पडला.

"बयूमी," तिसऱ्या मजल्यावरूनच रिफअत ओरडला. "दार उघडं टाकून कुठे उलथलास? दारात ये. तोंड दाखव."

दारात जायलाच हवं होतं. बयूमी गेला. ससा दार आणि फट यांच्या बरोबर मध्ये फरशीला चिकटला होता, कान पाठीवर, डोळे बाहेर आलेले. पुढे दारात बयूमी. खालून बूट. वर म्हातारी. मोकळी बाजू एकच उरली होती, आणि तिला तळ नव्हता.

"पाशा, तिथंच थांबा," बयूमी म्हणाला.

"काय?"

"थांबा. पायरीवर थांबा. ससा आहे."

रिफअत जिन्याच्या वळणावर दिसला, टोपी काखेत, तोंड घामाने भिजलेलं. "सशासाठी मी थांबू? माझी आई जनावरांच्या दवाखान्यात व्याली होती काय?" आणि तो पुढची पायरी चढला. ससा फटीकडे सरकला. चार बोटं. तेवढंच, पण बयूमीला दिसलं.

माणसाला विचार करायला वेळ मिळाला तर तो बहुतेक वेळा मागेच सरकतो. बयूमीला वेळ मिळाला नाही. किंवा मिळाला असेल. उंबरठ्यावर त्याचा पाय एक क्षण अडला, खरंच अडला, जसा माणूस गार पाण्यात पाय घालताना अडतो. मग तो बाहेर आला. भिंतीला पाठ घासत, सावकाश, सशाला वळसा घालून, जिन्याकडे. दोन पायऱ्या उतरला. रिफअतच्या समोर उभा राहिला, छातीला छाती, आणि जिना भरून टाकला. पाठ सशाकडे.

"आता बोला, पाशा. हळू बोला."

रिफअत त्याच्याकडे बघत राहिला. त्याच्या श्वासाला कांद्याचा वास होता. "तू बाहेर आहेस," तो म्हणाला.

"हो."

"बांगेनंतर."

"हो."

"डोकं फिरलंय तुझं? बाजूला हो."

"नाही होणार. थोडा वेळ."

"मी हात लावला तर?"

"लावा. पण आवाज करू नका."

वरून उम्म रजब म्हणाली, "ए रिफअत, मुकाट्याने उभा राहा. लहानपणी माझ्या गच्चीवरून कबुतरं चोरायचास तेव्हा बरा तासभर हलायचा नाहीस."

रिफअतचं तोंड लाल झालं. तो उभा राहिला. राग होता, की म्हातारी होती, की नुसती धाप होती, कोण जाणे. बयूमीला मागे काय चाललंय ते दिसत नव्हतं. मान वळवावी असं त्याच्या अंगातला प्रत्येक स्नायू म्हणत होता. वळवली असती तर रिफअतला जागा मिळाली असती. म्हणून तो हवालदाराच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे बघत राहिला. बटणाचा दोरा सुटत आला होता. आणि बघता बघता, कसं ते त्यालाही कळलं नाही, मनातला तो रोजचा किडा थांबला. त्याला जे करता येण्यासारखं होतं ते तो करत होता. राहिलेलं सशाचं होतं.

नखं वाजली. थांबली. परत वाजली.

"गेला आत," मलक म्हणाली. "दिवाणाखाली गेला. दार लावू का?"

"लाव," बयूमी म्हणाला, आणि बाजूला झाला.

रिफअतने टोपी घातली. चहा मागितला नाही, त्यावरूनच समजलं. "उद्यापासून ठाण्यात," तो म्हणाला. "बांगेच्या आधी. घोंगडी स्वतःची आण. मी तुझ्यासाठी शब्द टाकला होता, बयूमी. सशासाठी घालवलास."

"पाशा, शब्द कसला? दोन पायऱ्या उतरलो."

"दोन पायऱ्या म्हणजे बाहेर."

"मग रस्ता अजून तुमच्याच बापाचा आहे," बयूमी म्हणाला. तेच वाक्य, तोच आवाज. उम्म रजबने तोंडावर ओढणी धरली. रिफअत खाली उतरला, आणि प्रत्येक मजल्यावर त्याचे बूट जास्त जास्त जोरात वाजत गेले.

विदादला घरी आल्यावर सगळं मलकने सांगितलं, सशाचा अभिनय करून. विदाद हसली नाही. चप्पल काढली, पाय धुतले, बराच वेळ धूत राहिली. मग म्हणाली, "तो वर्षभर तुला तिकडे झोपवेल."

"झोपवेल."

"मूर्ख आहेस."

"आहे."

तिने कपाटावरून जुनी घोंगडी काढली, झटकली, आणि फाटलेली कड शिवायला बसली.

दुसऱ्या दिवशी बांगेआधी बयूमी निघाला. काखेत घोंगडी, पिशवीत पाव आणि खारं चीज. मलक दारात उभी. त्याच्या जिभेवर मोठी यादी होती: वायर, मांजर, बशी, गॅलरीचं दार. ती त्याने गिळली.

"सारखी बघत बसू नकोस त्याच्याकडे," एवढंच म्हणाला.

"तुम्हीच बघता सारखे," मलक म्हणाली.

कोठडी तीच होती. फरशी तीच, पाय तेच, फक्त माणसं दुसरी. शेजारच्याने विचारलं, घरी कोण आहे? बयूमी म्हणाला, बायको, पोरगी, ससा. शेजारचा म्हणाला, ससा कापलात की नाही अजून? बयूमीने भिंतीकडे कूस वळवली. त्याला झोप आली नाही. पण आत्ता ससा काय करत असेल, पडला असेल, वायर चावला असेल, हे मनात आलं की तो त्या विचाराला म्हणायचा, असेल. आणि ते तसंच पडून राहायचं, वाढायचं नाही.

उजाडल्यावर सोडलं. तो चालतच घरी आला, अंगाला त्या जागेचा वास. विदाद कामावर गेली होती, मलक शाळेत. ओट्यावर झाकलेली वालाच्या दाण्यांची उसळ होती, वर भाकरी. गॅलरीतून ऊन आत आलं होतं. बयूमी तिथंच फरशीवर बसला, बूटही न काढता.

ससा दिवाणाखालून आला. त्याच्या बुटांचा वास घेतला, तो आवडला नाही, मागे गेला. फ्रिजच्या वायरीवरचा पाइप थोडा कुरतडलेला होता. ससा उन्हाच्या पट्ट्यात गेला, तोंड धुतलं, दोन्ही कान एकेक करून खाली ओढून चाटले, आणि मग गोळी लागावी तसा धपकन कुशीवर पडला.

बयूमीचा हात पुढे गेला होता. मनगटावरचा जुना ओरखडा त्याला दिसला. त्याने हात मागे घेतला, घोंगडी डोक्याखाली घेतली आणि उन्हाच्या दुसऱ्या टोकाला आडवा झाला. संध्याकाळला अजून खूप वेळ होता.